मिरचीच्या वखारीतलं विमान

सिनेमातली मारामारी सुरू झाली की माझ्या डोळ्यांना अजून पाणी येतं. नात शेजारी बसलेली असते. ती म्हणते, आजी, अजून कुणी मेलंसुद्धा नाही, आत्ताच काय रडतेस? तिला वाटतं आजीचं मन हळवं आहे. माझं मन मुळीच हळवं नाही. नंदुरबारला आम्ही सिनेमा पाहिला तो मिरचीच्या वखारीत, आणि डोळ्यांना लागलेली ती सवय म्हातारपणीही सुटलेली नाही. हंगाम संपला, पोती गाडीवर चढून गेली, की ती लांबलचक पत्र्याची वखार उन्हाळाभर रिकामी पडायची. मग सुरतेकडून फिरत्या सिनेमाची एक कंपनी यायची आणि तीच वखार भाड्यानं घ्यायची. खिडक्यांना काळं कापड, एका भिंतीला पांढरा पडदा, पुढे सतरंज्या, मागे बाकं, आणि बाहेर भकभक करणारं तेलाचं इंजिन. जमीन कितीही झाडली तरी फरशीच्या सांध्यांत मिरचीची भुकटी उरायचीच. पडद्यावर साधुसंतांचं चाललं असेल तेव्हा ती मुकाट बसायची. पण तलवारी निघाल्या, घोडे उधळले, की लोक पाय आपटायचे, शिट्ट्या मारायचे, आणि भुकटी उठायची. पुढच्या सतरंजीपासून मागच्या बाकापर्यंत सगळे खोकताहेत, शिंकताहेत, डोळे पुसताहेत, तरी पडद्यावरून नजर काढत नाहीत. दुःखी खेळांना आमच्या गावात कोणी रडलेलं मला आठवत नाही. रडायचे ते मारधाडीच्या खेळांना.

हे सगळं मला फुकट बघायला मिळालं ते अब्बांच्या टांग्यामुळे. अब्बांचा टांगा स्टेशनवर लागायचा, आणि कंपनी गावात आली की रोज सकाळी तो त्यांच्याकडे असायचा. दोन्ही बाजूंना रंगवलेल्या पाट्या बांधायच्या, पुढे ताशा, मागे पिपाणीवाला, आणि आमची शेवंती घोडी या सगळ्या गोंगाटातून अशी ऐटीत चालायची, जणू पाटीवरचं चित्र तिचंच आहे. गुलाबी जाहिराती उडवत टांगा गावभर फिरायचा. त्याच्या बदल्यात घराला पास मिळायचा. पास एक होता, पण अब्बांबरोबर पोरं असली तर दारावरचा माणूस बघितलं न बघितलं करायचा. मी घरात थोरली, त्यामुळे अब्बांच्या मांडीजवळची जागा माझी. माझं वय तेव्हा बुरख्याच्या अलीकडचं होतं. मराठी शाळेत चौथीला होते. आमच्या गल्लीत मुसलमान काय, हिंदू काय, सगळ्यांचं बोलणं अहिराणीच. शाळेत मराठी, मदरशात थोडं उर्दू, आणि पडद्यावर हिंदुस्तानी. एवढ्या भाषा असूनही आमच्या घरात जे घडायचं त्याला चर्चा हा शब्द पुरायचा नाही. त्याला भांडणच म्हणावं लागेल.

खेळ पाहून आलो की दुसऱ्या दिवशी चुलीपुढे त्याचा निवाडा व्हायचा. अम्मा भाकरी थापायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वर कच्चं तेल आणि ठेचा, आणि शुक्रवार असेल तर काळ्या मसाल्याचा रस्सा. तिच्या शेजारी सुगराफूफी वांगी भाजत बसलेली असायची. फूफी म्हणजे अब्बांची बहीण. तापीपलीकडच्या प्रकाशा गावी दिली होती, नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आली. दिवसा ती गोधड्या शिवायची. तिला सिनेमाचं जे वेड होतं तसं मी पुढे मुंबईतल्या बायकांतही पाहिलं नाही. बुरखा घालून ती जनान्याच्या पडद्यामागे जाऊन बसायची आणि सबंध खेळ डोक्यात भरून आणायची. अम्मा मात्र कधीच आली नव्हती. कोणी तिला अडवलं होतं असं नाही. तिला वाटायचं, आपण गेलो तर घरात काहीतरी उतू जाईल. म्हणून फूफी तिला सगळं सांगायची, आणि अम्मा तव्यावरून नजर न काढता विचारायची.

"इतली मारामारी करी, मंग ती बाई जेवनी कव्हय?"

फूफी म्हणायची, "भाबी, सिनेमामा कोनी जेवस नही."

"मंग ताकद कोठेन येस?"

फूफी वांगी उलटायला लागायची. आज मी टेबलाशी बसून नातवंडांबरोबर परदेशी सिनेमे बघते, त्यांत माणसं आकाशातून पडतात, उठतात, पुन्हा धावतात, आणि मलाही हाच प्रश्न पडतो. अम्मानं एकही खेळ न पाहता पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न बरोबर ओळखला होता.

अब्बांचं मत वेगळं. त्यांना देवादिकांचे, बादशहांचे, दरबाराचे खेळ आवडायचे, कारण त्यांत लोक सावकाश बोलायचे. मारधाडीच्या खेळात त्यांची नजर फक्त घोड्यावर. "त्या जनावरले तोंडमा किती ताणी ऱ्हायना तो," असं म्हणून ते तळमळायचे आणि घरी आल्यावर शेवंतीच्या मानेवरून हात फिरवायचे. फूफीला गाणं लागायचं. मारामारीत एक गाणं नसेल तर ती तो खेळ अर्धवट समजायची. माझं मत या दोघांविरुद्ध. मारामारी सुरू असताना हिरो थांबून गाणं म्हणतो हे मला पटायचं नाही. दुष्ट माणूस तोवर काय करत असतो? मला वाटायचं, दुष्ट माणूस चांगला पाहिजे. म्हणजे त्याला चांगलं हसता आलं पाहिजे आणि त्याला काहीतरी मनापासून हवं असलं पाहिजे. नुसताच मिशा पिळत उभा असेल तर त्याला मारून काय मिळवलं? आणि खेळात यंत्र असलं तर मला दुसरं काही नको. त्या काळी असे बरेच खेळ यायचे. कोणी प्रोफेसर असायचा, पांढरी दाढी, काचेच्या नळ्या, त्यांतून बुडबुडे. तो कधी माणसाला दिसेनासा करायचा, कधी लोखंड वितळवणारा दिवा करायचा. सगळं खोटं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. दिसेनाशा माणसाची सावली भिंतीवर पडलेली मी स्वतः पाहिली आणि अब्बांना दाखवलीही. पण खोटं असलं तरी ते कुणीतरी आधी मनात आणलं होतं, याचंच मला अप्रूप होतं.

त्या वर्षी आला तो खेळ या सगळ्यांवर कडी करणारा होता. आमच्या गल्लीत त्याला कोणी त्याच्या नावानं ओळखायचं नाही, म्हणायचे विमानवाला. खरं विमान आमच्यापैकी कोणी जवळून पाहिलं नव्हतं. लढाई चालू होती, आणि एकदा फार उंचावरून एक विमान गेलं तेव्हा सगळी गल्ली घरांच्या धाब्यांवर चढली होती. पडद्यावरचं विमान मात्र घागरीसारखं होतं, पोटात गोल आणि वर झाकण, आणि त्याला पंखच नव्हते. प्रोफेसरनं ते बनवलेलं, आणि त्याच्याबरोबर एक पत्र्याचा माणूस. हा पत्र्याचा माणूस चालला की खणखण आवाज व्हायचा आणि खाली त्याचे कापडी बूट दिसायचे. तरी त्या सबंध खेळात माझ्या मते सगळ्यात चांगलं काम त्यानंच केलं, कारण तो बोलत नव्हता. राज्याचा दिवाण दुष्ट. त्याला ते विमान हवं. आणि प्रोफेसरची मुलगी, तोंडाला काळी पट्टी बांधून, घोड्यावर बसून, हातात चाबूक घेऊन दिवाणाच्या माणसांना झोडपायची. दांडगे दांडगे गडी ती गच्चीवरून खाली टाकायची. हिरोही होता. दात चांगले होते त्याचे.

अब्बांबरोबर मी तो गुरुवारी संध्याकाळी पाहिला. शेवट येईपर्यंत मी श्वास घेतला असेल नसेल. आणि शेवटी काय, तर दिवाण त्या मुलीला विमानाच्या बुडाशी एका खांबाला बांधतो, आणि ती, गडी फेकून देणारी ती, "बचाओ, बचाओ" म्हणून रडत बसते. मग हिरो येतो, दोर सोडतो, दिवाण पडतो, लग्न लागतं. विमान उडतच नाही. उडालेलं दाखवतात ते एकदाच, सुरुवातीला, दिवाणाला फसवायला. घरी येताना टांग्यात मी अब्बांशी एक शब्द बोलले नाही.

"काय व्हयनं?" अब्बांनी विचारलं.

"तिले दोर सोडता येस नही?"

"कोनले?"

"ती पोरले. घोडावर बठता येस, चाबूक मारता येस, आनि दोर सोडता येस नही?"

अब्बा हसले. "तशे करं तर हिरो काय करी मंग?" म्हणाले.

मी हसले नाही. त्या दिवसांत माझ्या मनात दुसरंही एक होतं. थोरले चाचा, अब्बांचे मोठे भाऊ, यांनी रमजानच्या आधीच सांगून टाकलं होतं की चौथी झाली की पोरीची शाळा बंद. चाचा वाईट नव्हते. आमच्या बिरादरीत त्यांचा शब्द मोठा, आणि अब्बांना टांगा चालवायला शिकवणारे, शेवंतीला शिंगरू असताना आणणारे तेच. अब्बा त्यांच्यापुढे वर मान करून बोलल्याचं मला आठवत नाही. अम्मा तर जेठापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, बोलतच नसे. चाचा आले की ती दाराच्या आत. त्यामुळे हा विषय आमच्या घरात झालाच नाही. सांगितलं गेलं, ऐकलं गेलं. परीक्षा जवळ आली होती. वर्गातल्या मुली पाचवीच्या पुस्तकांबद्दल बोलायच्या तेव्हा मी दौत धुवायला जायचे.

रविवारी दुपारी खास जनाना खेळ असायचा. त्या दिवशी वखारीत पुरुष म्हणून एकच, मशीनवाला, तोही मागच्या लाकडी खोपटात बंद. दारावर तिकिटं घ्यायलासुद्धा एक म्हातारी बसायची. कंपनीचे मॅनेजर शेटजी बाहेर इंजिनाजवळ उभे. त्या रविवारी फूफीनं अम्माला उठवलंच. कणीक झाकली, चूल विझवली, धाकट्याला शेजारच्या तुळसाबाईंच्या पोरीकडे दिलं, आणि शेवटी अम्माकडे कारण उरलं नाही. अब्बांनी टांग्यातून आम्हाला वखारीपर्यंत सोडलं. अम्मा आत शिरली ती माझा हात घट्ट धरून. वखार गच्च भरली होती. मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बायका आल्या होत्या, सगळा हंगाम ज्यांनी याच फरशीवर बसून काढला त्या. त्यांची पोरं, गावातल्या सासवा-सुना, नवापूरकडच्या डोंगरातून मजुरीला आलेल्या दोघी-तिघी, बुरखेवाल्या, नऊवारीवाल्या. दारं लावून घेतल्यावर बुरखे वर गेले, पदर सैल झाले, आणि फुटाण्यांच्या पुड्या सुटल्या. पुरुष नसले की बायका खेळ कसा बघतात ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. दिवाण पडद्यावर आला की त्याला शिव्या, हिरो हसला की टिंगल, आणि ती मुलगी घोड्यावर बसली की सबंध वखार उठून उभी. भुकटीचे लोट. अम्मा पदरानं डोळे पुसत होती आणि पुन्हा बघत होती. तिनं एकदाही मला काही विचारलं नाही. मी तिच्याकडेच जास्त बघत होते.

शेवटच्या रिळाला दिवाण मुलीला खांबाला बांधत होता, आणि पडद्याच्या मधोमध एक तपकिरी डाग उठला. तो फुगला, त्याच्या कडा काळ्या झाल्या, त्यानं दिवाणाचं तोंड गिळलं, आणि मग नुसता पांढरा उजेड. मागच्या खोपटात मशीनवाला ओरडला. जळका वास आला. त्यानं पट्टी ओढून काढून पाण्यात टाकली म्हणून पुढचं काही झालं नाही, पण रीळ जळून तुटलं होतं. दाराच्या फटीतून शेटजींचा आवाज आला. "बेन, शांती राखो. पट्टी तुटी गई छे. काले सांधीने फरी बतावसुं."

एका बाईनं दुसरीला विचारलं, काय म्हणतो? दुसरी म्हणाली, पट्टी तुटली, उद्या या म्हणतो. मग जो गलका झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. उद्या कोण येणार होतं? उद्या सोमवार. उद्या कामं होती, घरं होती, आज मिळालेली परवानगी उद्या नव्हती. देठ खुडणाऱ्यांपैकी मंजुळा नावाची एक धिप्पाड बाई होती, ती बाकावर चढली. "ती मरनी का जगनी एवढं तरी सांगा. तठलोंग आम्ही उठतस नही." बायका पाय आपटू लागल्या. भुकटी उठली, पोरं खोकून रडायला लागली, कोणीतरी बाक आडवं केलं. दाराशी गर्दी लोटली. बाहेर शेटजी दाराला पाठ लावून उभे होते, पुरुषानं आत यायची सोय नव्हती. मला भीती वाटली. एवढ्या बायका, एवढी लहान पोरं, आणि एकच दार.

तेवढ्यात फूफीनं माझं बखोट धरलं. "तू दखेल शे ना गुरुवारे? जाय. सांग त्यासले."

"मी?"

"मंग काय मी? माले शेवट कोठे माहीत शे?"

मी अम्माकडे पाहिलं. तिच्या तोंडावर नको असं लिहिलेलं मला दिसलं, निदान मला तसं वाटलं. पण तिनं माझा हात सोडला. फूफीनं मला उचलून पडद्यापुढच्या ओट्यावर ठेवलं. मशीनचा दिवा चालूच होता, त्या पांढऱ्या उजेडात माझी सावली पडद्यावर एवढी मोठी पडली की बायका एकदम गप्प झाल्या.

मी सुरू केलं. शाळेत धडा म्हणतात तशा आवाजात. दिवाणानं तिला बांधलं, दिवाण हसला. इथपर्यंत खरं होतं. पुढे "बचाओ" म्हणायचं होतं. मी समोर पाहिलं. मंजुळा बाकावर तशीच उभी होती, कमरेला पदर खोचून. पुढे सतरंजीवर बायका, कडेवर पोरं. त्यांना मी हे सांगू की ती रडत बसली? माझ्या तोंडून ते बाहेरच येईना. आणि जे बाहेर आलं ते असं, की तिनं दातांनी दोर कुरतडला.

"हां," मंजुळा म्हणाली आणि खाली बसली.

मग मला थांबवणारं कोणी नव्हतं. दोर तुटला. चाबूक लांब पडला होता, तो तिनं पायाच्या बोटानं ओढला. दिवाणाचे गडी धावून आले तेव्हा तिनं पत्र्याच्या माणसाला हाक मारली. तो तिच्या बापानं बनवलेला, तिला बहिणीसारखं मानणारा, तो मधे उभा राहिला, आणि सगळ्या तलवारी त्याच्या छातीवर खणखण करत वाकल्या. हिरोचं काय झालं, कोणीतरी विचारलं. मी म्हणाले, तो वाटेत गाणं म्हणत होता. वखार अशी हसली की पत्रे वाजले. मग ती विमानात बसली. झाकण लावलं. दिवाण खाली लोंबकळत राहिला आणि खंदकात पडला. आणि विमान वर गेलं.

इथे माझा खेळ संपायला हवा होता. पण एक बाई म्हणाली, "वर जाईसन तिले काय दखायनं?"

हे मला कुठलाच सिनेमा सांगू शकत नव्हता. मी डोळे मिटले. म्हणाले, आधी वखारीचे पत्रे दिसले. मग स्टेशन, आगगाडी मुंगळ्याएवढी. मग गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरच्या, लाल लाल, जणू कोणी लुगडं पसरलं. मग तापी दिसली, प्रकाशाची देवळं, आणि तिकडे सातपुडा. बायका मधेच बोलू लागल्या. मन्हं गाव दखायनं का, एकीनं विचारलं. तिचं गाव अक्कलकुव्याच्या वाटेवर होतं. मी म्हणाले, दिसलं, नदीच्या वळणावर. मन्ही माय? दुसरी म्हणाली, ती नवापूरकडची होती, लग्न झाल्यापासून गेली नव्हती. दिसली, मी म्हणाले, दारात उभी आहे, वर बघते आहे. मग कितीतरी गावं आली. मी त्यांतली बहुतेक पाहिली नव्हती, पण कोणालाही नाही म्हणाले नाही.

आणि मग अंधारातून एक आवाज आला. मी तो आवाज चारचौघांत कधीच ऐकला नव्हता.

"तिले खाले उतरता येस का?"

अम्मा होती. उजेड माझ्या डोळ्यांवर होता, ती मला दिसत नव्हती. मी विचार केला. उतरायचं मी काहीच ठरवलं नव्हतं.

"येस," मी म्हणाले. "पन तिले घाई नही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्यांची तेव्हा बायकांत चाल नव्हती. त्या उठल्या, पोरं सावरली, आडवं झालेलं बाक मंजुळानं सरळ केलं, आणि सगळ्या शिस्तीत दारातून बाहेर पडल्या. दाराआडून सगळं ऐकलेल्या शेटजींनी माझ्या ओंजळीत आपल्या पुडीतले सगळे उरलेले फुटाणे ओतले. टांग्यात फूफी सारखी बोलत होती. अम्मा बाहेर बघत होती. पण माझा हात तिनं पुन्हा धरला होता.

मशीनवाल्यानं रीळ सांधलं आणि सोमवारपासून खेळ पुन्हा सुरू झाला. पुढच्या रविवारी काही बायका दुसऱ्यांदा आल्या, आणि त्यांनी शेटजींना धारेवर धरलं. मुलगी पडद्यावर रडत बसली, हिरोनं येऊन दोर सोडला, हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की खरा शेवट जळाला आणि कंपनीनं तिथे दुसऱ्या कुठल्या तरी खेळाची पट्टी चिकटवली. शेटजी शपथा घेऊन थकले. हे बाजारात गेलं. नवरे म्हणायचे हिरो आला, बायका म्हणायच्या कोणता हिरो. स्टेशनवर टांगेवाल्यांत दोन तट पडले. अब्बांना विचारलं तर ते घोडीला चारा घालायला उठून जायचे. अशा रीतीनं ते थोरल्या चाचांपर्यंत पोचलं. त्यांच्या कानावर गेलं ते एवढंच, की यासीन टांगेवाल्याची पोरगी सिनेमात पडद्यावर उभी राहिली.

चाचा आले ते दुपारच्या नमाजानंतर. अब्बा नुकतेच जेवले होते. चाचा बाजेवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मी कोपऱ्यात पाटी घेऊन बसले होते. अम्मा दाराच्या आत गेली.

"शाळा चौथीलोंग म्हने व्हतू मी," चाचा म्हणाले. "आते तेबी नको. उद्यापासून घर."

अब्बा जमिनीकडे बघत होते. "परीक्षा शे तिनी," एवढंच म्हणाले.

"परीक्षा दिसन काय करनार शे? लोकेस्ना समोर उभी ऱ्हायनी ती."

बाहेर शेवंती शेपटीनं माशा वारत होती, तेवढाच आवाज. मग दाराच्या आतून अम्मा बोलली. आवाज मोठा नव्हता, पण अडखळतही नव्हता.

"भाईसाब, लोके नव्हतात. बाया व्हत्यात. आनि मी तठे व्हती. मन्हाच हात सोडीसन ती गयी."

चाचांनी मान वर केली. जेठापुढे अम्मा बोललेली त्यांनी लग्नापासून ऐकली नसावी. ते दाराकडे बघत राहिले. अब्बाही बघत राहिले.

"दार एक व्हतं," अम्मा म्हणाली. "बाया दाटनी व्हत्यात, बारकुला पोरे व्हतात. मी मोठी, फूफी मोठी, आम्हले कोनले सुचनं नही. तिनी सगळास्ले बसाडं. हाई तिले कोठे शिकाले भेटनं? मन्हा घरमा तर नही. शाळामा भेटनं. मन्ही आंडेर, मन्ही पोर, शाळामा जाई. तुम्हले राग येई तर माले बोला, तिले नको."

मी अम्माच्या तोंडून एवढं लांब बोलणं त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही फार वेळा ऐकलं नाही. आज विचार करते तेव्हा वाटतं, तिनं ते आठवडाभर मनात जुळवलं असावं, पीठ मळता मळता.

चाचांनी टोपी उचलली. मला वाटलं आता उठतील, आणि मग या घरात पुन्हा येणार नाहीत. पण त्यांनी टोपी हातात फिरवली, पुन्हा मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"बाजारमा दोन गोष्टी सांगी ऱ्हायनात," ते म्हणाले. "एक म्हनस हिरो उना. एक म्हनस नही उना. खरं काय शे?"

मला वाटलं हा जाब आहे. मी अब्बांकडे पाहिलं. अब्बांच्या मिशीत काहीतरी हललं.

"पडदावर उना," मी म्हणाले. "मी सांगं त्यामा नही उना."

"काब्र?"

"त्यानी गरज नव्हती."

चाचा आयुष्यात वखारीत गेले नव्हते, जाणारही नव्हते. त्यांनी पाय वर घेतले आणि बाजेवर नीट मांडी घातली. "पहिलापासून सांग," म्हणाले.

मी पाटी खाली ठेवली. प्रोफेसरपासून सुरू केलं. अम्मानं आतून चहा पाठवला, फूफी गोधडी घेऊन उंबऱ्याशी येऊन बसली. चाचा मधे मधे अडवायचे. दिवाणाला विमान कशाला हवं होतं, पत्र्याच्या माणसाला पाणी लागलं तर गंज चढतो का, मुलीच्या बापाला तिचं लग्न कुठे करायचं होतं. मी जमेल तशी उत्तरं दिली. विमान वर गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, कुठपर्यंत गेलं? मी म्हणाले, तापीच्या पलीकडे. ते म्हणाले, तापीच्या पलीकडे आपली सुगरा दिली होती, तिकडे डोंगर लवकर सुरू होतात, जरा उंच ठेवायला पाहिजे. मी विमान उंच ठेवलं.

ऊन उतरल्यावर ते उठले. टोपी घातली, दारात थांबले आणि अब्बांना म्हणाले, "शाळा कव्हय उघडस?"

"जूनमा," अब्बा म्हणाले.

"मंग पाचवीना पुस्तके आतेच सांगी ठेव कोनले तरी. नंतर भेटतस नही."